परवडत नाही म्हणून परत

विहारातली वंदना निम्म्यावर आली होती, तेवढ्यात लाउडस्पीकरमधला भन्तेजींचा आवाज थांबला आणि त्या जागी एक तरणा माणूस बोलायला लागला.

"हॅलो, चांगुणा सोनकांबळे यांना ओळखता का आपण?"

वर्षावासाचे दिवस. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे, आणि वाचनाआधी व्यंकट गुरुजी आपल्या मोबाइलवरून वंदना लावत. मोबाइल लाउडस्पीकरला जोडलेला. मध्येच कुणाचा फोन आला तर गुरुजी चटकन कापत. त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. बोट कापायच्या ऐवजी उचलायच्या बाजूला सरकलं, आणि घाबरून त्यांनी आणखी दोन-तीन ठिकाणी दाबलं, तसा आवाज अजूनच वाढला.

"त्यांनी ओळख म्हणून तुमचा नंबर दिलाय. हप्त्यावर फोन घेतला, आता हप्ते थकवून तोंड लपवून बसलीय बाई. तिला निरोप द्या, भरायची ऐपत नव्हती तर घेतला कशाला म्हणावं. उद्यापर्यंत भरलं नाही तर गल्लीत येऊन नाव पुकारू. लाज असेल तर..."

विहाराच्या गच्चीवर एक कर्णा आहे, त्याचं तोंड वस्तीकडे. म्हणजे जे वंदनेला आले होते त्यांनी ऐकलंच, पण जे घरी भाकरी थापत होते, जे चौकात पानटपरीला टेकून उभे होते, आणि ज्यांचं नि चांगुणाबाईंचं नळावरून बोलणं बंद होतं, त्यांनीही ऐकलं.

चांगुणाबाई तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढच्या दोन रांगांमधल्या पांढऱ्या साड्या आधी मागं वळल्या आणि मग लगेच, बघितलंच नाही असं दाखवत, पुढं वळल्या. गुडघ्यावर हात ठेवून चांगुणाबाई उठल्या. बायकांच्या मधून वाट काढत पुढं आल्या. गुरुजींनी तो मोबाइल तापलेल्या तव्यासारखा धरला होता. त्यांच्या हातातून त्यांनी तो घेतला. वाचनाचा माइक तिथंच चालू होता, त्यामुळं त्यांचंही बोलणं वस्तीभर गेलं.

"बोल बाबा. मीच चांगुणा."

"मॅडम, हा नंबर तर..."

"हा विहाराचा नंबर हाय. वंदना चालू हाय आमची. सगळे ऐकायलेत तुला."

चांगुणाबाईंनी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.

"तोंड लपवलं म्हणलास. तुझा एक बी फोन मी न उचलता सोडला का? दर बारीला सांगितलं, परवडत न्हाई, तुमचा फोन घेऊन जा. तू म्हणलास, परत घेता येत न्हाई."

"करार वर्षाचा आहे ना मॅडम. मधी सोडता येत नाही."

"तुझं हापीस कुठं हाय?"

"आम्ही येतो ना घरी, तुम्ही कशाला..."

"तू कामून येतो? नाली खोदून ठेवलीय आमच्या गल्लीत, गाडी घसरंल तुझी. मीच येते. सांग."

त्यानं पत्ता सांगितला. औसा रोड, बँकेच्या वर, दुसरा मजला. सांगताना त्याचा आवाज असा खाली आला होता, जसा काही हप्ता त्याचाच थकलाय.

"उद्या येते. आता ठेव. वाचन व्हायचंय आमचं."

फोन कसा बंद करायचा हे त्या मोबाइलवर त्यांना समजेना, म्हणून तो गुरुजींच्या हातात देऊन त्या जागेवर जाऊन बसल्या. भिंतीला मात्र टेकल्या नाहीत.

त्या दिवशी वाचन ज्योत्स्नाकडं होतं. तिची ओळ दोनदा चुकली, आणि एकाही बाईनं तिला दुरुस्त केलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं.

वाचन संपल्यावर गुरुजी दाराशी थांबले होते. "चांगुणाबाई, माझ्या हातून चूक झाली बगा."

"तुमची कसली चूक, गुरुजी. नंबर मीच दिला. दुकानात म्हणले, विश्वासाच्या माणसाचा नंबर सांगा. विश्वासाचं म्हणल्यावर मला दुसरं काय सुचंल? ह्या पाटीवरचा दिला." विहाराच्या दारावर रंगवलेल्या पाटीकडं त्यांनी हात केला.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "कमिटीत शब्द टाकतो. वर्गणी जमा हाय थोडी. आपण हे मिटवू. तुमी दिवाळीपर्यंत सावकाश द्या."

"ती वर्गणी खीरदानाची हाय, गुरुजी. लोकांची खीर मी फोनात घालू का?"

गुरुजी शाळेत होते तेव्हा पोरांना उत्तर सुचलं नाही की फळा पुसायला लावत. इथं फळा नव्हता. ते आत जाऊन मेणबत्त्या विझवायला लागले.

गल्लीत ज्योत्स्ना बरोबर चालायला लागली. ज्योत्स्ना त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, डाळ मिलमध्ये तूर निवडायला त्यांच्या शेजारीच बसणारी, महिला मंडळाची सचिव, आणि जिभेला हाड नसलेली.

"मी म्हणते काकू, एवढा मोठा फोन लागतोच कशाला? तूर निवडायला?"

"तुझ्याकडं हाय की."

"माझा लेकानं दिलेला हाय."

"माझा मी घेतलेला हाय."

"मग आता भोग."

"भोगायलेच की. तुला रडत आले का मी?"

ज्योत्स्ना वळणावर आपल्या घराकडं वळली. चांगुणाबाईंनी कुलूप काढलं, दिवा लावला आणि फोन फळीवर पालथा ठेवला. सुलटा ठेवला असता तर त्यावर हप्ता भरा म्हणणारी निळी पाटी दिसली असती. हप्ता थकल्यापासून कंपनीनं तो दुरूनच बंद केला होता. आलेला फोन घेता यायचा, बाकी काही नाही. पाटीच्या मागं नातीचा, यशूचा फोटो होता, तो झाकला गेला होता.

हा फोन त्यांनी कुणासाठी घेतला, असं वस्तीत प्रत्येकानं विचारून झालं होतं. लेकीसाठी घेतला असता तर लोक म्हणाले असते, आईचं काळीज. जावयासाठी घेतला असता तर म्हणाले असते, रीत आहे. चांगुणाबाईंनी तो स्वतःसाठी घेतला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक प्रियदर्शनी तिकडं किनवटला. आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिका. तिची यशोधरा, म्हणजे यशू, पहिलीला. लातूरहून किनवट म्हणजे एक दिवस जायला आणि एक दिवस अंगदुखी जायला. मिलमधून सुट्टी म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. नात वर्षातून दोनदा दिसायची, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा वेगळीच पोरगी समोर यायची. ओळख करून घेईपर्यंत निघायची वेळ होई.

म्हणून एका रविवारी त्या गंजगोलाईच्या बाजारात गेल्या आणि म्हणाल्या, माणूस दिसणारा फोन द्या.

दुकानातला विक्रेता गोड बोलणारा. म्हणाला, "काकू, नुसता फोन काय घेता. फोन, फुटला-बिटला तर त्याचा विमा आणि महिन्याच्या बिलाचं कार्ड, सगळं एकात बसवून देतो. रिचार्जची कटकटच नको. नुसता तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगा." चांगुणाबाईंनी जुन्या बटणाच्या फोनवर आलेला आकडा विहारात वाचतात तसा एकेक करून, खणखणीत वाचला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आकडा वाचणं हीच सही होती, आणि सही वर्षभराची होती, हे त्यांना नंतर समजलं.

पण ते दिवस चांगले गेले, हे खोटं कसं म्हणणार? रोज संध्याकाळी मिलमधून आल्यावर यशू त्या काचेत यायची. कधी नुसतं कपाळ दिसायचं, कधी नाकपुड्या. ती काहीच सांगायची नाही. वस्तू धरून धरून दाखवायची. "आजी, हे बघ." सुरवंट. "हे बघ." पडलेला दात. "हे बघ." वसतिगृहातल्या मुलींनी घातलेली वेणी. मग फोन कुठंतरी ठेवून पळायची आणि चांगुणाबाई किनवटच्या वसतिगृहाचं छत बघत बसायच्या. तेही त्यांना चालायचं.

मग मिलमध्ये ते यंत्र आलं. डोळे असलेलं. तुरीचा दाणा वरून पडतो, यंत्र बघतं, काळा असला की फुंकर मारून बाजूला काढतं. बायका आठवडाभर बसून निवडायच्या ते काम ते चहा होईस्तोवर करतं. मुकादमानं बायांना काढलं नाही. वाईट वाटलं असणार त्याला. आठवड्यातून निम्मे दिवस बोलवायला लागला. हप्ता मात्र निम्मा झाला नाही.

चांगुणाबाई आधी दुकानात गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनीच्या नंबरवर एक बाई आधी हिंदीत, मग मराठीत, एक दाबा दोन दाबा सांगायची. सोडून द्यायचंय, यासाठी काय दाबायचं हे तिनं कधीच सांगितलं नाही.

सकाळी फोन वाजला. प्रियदर्शनी. वस्तीतल्या कुणीतरी तिला रात्रीतून कळवलंच होतं.

"आई, काय करून राहिलीस तू? मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"मी भरते हप्ते. आताच पाठवते. एवढ्यासाठी विहारात नाव निघालं."

"नाव माझं हाय, निघू दे. लाज वाटावं असं काय केलं न्हाई मी. मला पाहिजे होता, घेतला. आता परवडत न्हाई, परत द्यायलेय. ह्यात तू कुठून आलीस?"

"मुलगी आहे म्हणून आले."

"तुझ्या पगारावर घराचं कर्ज हाय. माझ्या हौसेचा बोजा त्याच्यावर टाकू व्हय?"

प्रियदर्शनी म्हणाली, "मग यशूला कशी बघशील?"

ह्याचं उत्तर चांगुणाबाईंनी रात्रभर शोधलं होतं. ते सापडलं नव्हतं. "ठेवते," त्या म्हणाल्या. "रिक्षा जाईल."

फोन, त्याचा खोका, तार, पावती, सगळं एका पिशवीत घातलं. नेहमीची हिरवी साडी नेसल्या. चौकात आल्या तर कडूनिंबाखाली आठ-दहा बाया उभ्या, सगळ्या विहारात जाताना नेसतात तशा पांढऱ्या साड्यांत, आणि पुढं ज्योत्स्ना.

"हे काय? कुणाचं काय झालं?"

"कुणाचं काय झालं न्हाई. औसा रोडला जायलाव," ज्योत्स्ना म्हणाली.

"मी कुणाला बोलावलं न्हाई."

"तुझ्या फोनाचं आमाला काय पडलंय, काकू? तू फेड न्हाईतर बुडव. त्यानं आमच्या लाउडस्पीकरवरून वंदनेच्या वक्ताला आमच्या बाईची लाज काढली. हा आमचा इषय हाय. तू तुझं काम कर, आमी आमचं."

"मग माझ्या रिक्षात बसू नका."

"दोन सांगितल्यात आमी. तूच बस आमच्यात, एकटीला कशाला खर्च."

चांगुणाबाईंनी जरा विचार केला आणि बसल्या. तत्त्वाचा प्रश्न होता, पण गुडघ्याचाही होता.

कंपनीच्या कचेरीला काचेचं दार. आत फरशी अशी चकचकीत की पहिल्या बाईनं सवयीनं बाहेरच चपला काढल्या. तिचं बघून दुसरीनं काढल्या. दाराबाहेर चपलांची रांग लागली. मागून एक जीन्सवाला गडी आला, त्यानं ती रांग बघितली आणि तोही बूट काढून, मोजे झटकून, हळूच आत शिरला. आतल्या सगळ्या खुर्च्या भरल्या. उरलेल्या बाया फरशीवर मांडी घालून बसल्या. गार हवा होती, बरं वाटत होतं.

टेबलामागचा मॅनेजर उठून उभाच राहिला. त्याच्या नावाची पट्टी होती, मृत्युंजय. अंगावर टाय, वय प्रियदर्शनीच्या आसपास.

"काय कार्यक्रम आहे, मावशी? सगळ्यांना एकदम कर्ज पाहिजे का?"

"कुणालाच नको," चांगुणाबाई म्हणाल्या. पिशवी टेबलावर ठेवली. "हे तुमचं तुमाला द्यायला आलेय."

त्यानं त्यांचं नाव विचारून संगणकात बघितलं. बघताना त्याचा चेहरा दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा झाला. "काकू, असं मधूनच सोडता येत नाही. करार आहे. फोन, विमा, बिलाचं कार्ड, एकात एक गुंतलेलं आहे सगळं."

"गुंतवलं कुणी?"

"ते... पॅकेजच तसं असतं."

"साहेब, लग्न झालेल्याला बी सोडचिठ्ठी मिळते. त्यात तर लेकरं-बाळं, जमीन-जुमला गुंतलेला असतो. ह्या डबड्याची कामून होईना?"

मागं कुणीतरी फसकन हसलं. मृत्युंजय पाणी प्यायला.

"आणि तुमचा तो फोनवर बोलणारा कुठाय?" ज्योत्स्ना उठली. "काल विहारात बोलला तो. त्याला जरा बघू द्या आमाला."

"कोण काय बोललं, त्याला काही पुरावा..."

"मी ऐकलं," ज्योत्स्ना म्हणाली.

"मी ऐकलं," खुर्चीतली एक म्हणाली.

"मी तर घरी होते," फरशीवरची एक म्हातारी म्हणाली. "भाकरी थापायले होते. कर्ण्यातून ऐकलं. नाव पुकारू म्हणला. भाकर करपली माझी."

ओळखीच्या लोकांना फोन करून कर्जदाराची बदनामी करू नये, अशी पाटी त्याच कचेरीच्या भिंतीवर होती. इंग्रजीत होती आणि तिच्यापुढं मोठी कुंडी ठेवलेली होती. मृत्युंजयची नजर एकदा त्या कुंडीकडं गेली आणि परत आली. "बसा," तो म्हणाला. "मी वर बोलतो." आणि आतल्या खोलीत गेला.

बाया बसल्या. एकीनं पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि टरफलं पदरात गोळा करत सगळ्यांना दिल्या, बूट काढलेल्या गड्यालाही. कोपऱ्यातल्या टेबलावर कानाला फोनवर बोलायचं यंत्र लावलेला एक सावळा, बारीक मुलगा खाली मान घालून बसला होता. त्यानं शेंगा नको म्हणून मान हलवली. "नको, अक्का," म्हणाला.

चांगुणाबाईंनी तो आवाज ओळखला. उठून त्याच्या टेबलासमोर गेल्या.

"तूच नं?"

त्यानं यंत्र काढलं. "हाव."

"नाव काय?"

"महांतेश."

"उदगीरकडचा?"

"हाव."

"घरी कोण हाय?"

"अव्वा हाय. बहीण हाय."

"तुझ्या आईला कुणी असा फोन केला तर?"

महांतेश टेबलावरच्या पेनाचं टोपण काढून परत लावायला लागला. मग म्हणाला, "ते लिहून दिलेलं बोलाय लागतं, अक्का. न्हाई बोललं तर मलाच काढतेत."

ज्योत्स्ना मागून आली होती. "काढू दे न्हाईतर ठेवू दे. आज संध्याकाळी त्याच वक्ताला, त्याच नंबरवर फोन लावायचा आणि त्याच लाउडस्पीकरवर माफी मागायची. वस्तीभर ऐकू गेली पाहिजे."

महांतेशचा चेहरा उतरला. चांगुणाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग ज्योत्स्नाकडं.

"नको," त्या म्हणाल्या. "वंदनेच्या वक्ताला परत ह्याचा आवाज कशाला? इथंच माग रे. तुमच्या सगळ्यांच्या तोंडावर मागू दे, मिटलं."

महांतेश उभा राहिला. हात जोडले. फोनवर जो आवाज वस्तीभर पुरला होता तो आता फरशीवरच्या म्हातारीपर्यंत पोचेना. "काय म्हणला?" ती विचारत राहिली. शेजारणीनं तिला सांगितलं, "चुकलं म्हणला." "भाकरीचं बी?" "भाकरीचं बी."

मृत्युंजय बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक छापील कागद होता आणि चेहऱ्यावर, कुणाचं तरी भलं केल्याचं समाधान. "काकू, तुमचं काम झालं. खास बाब म्हणून वरून परवानगी आणली. फोन परत घेऊ, विमा आणि कार्ड बंद करू. राहिलेलं सगळं माफ. फक्त या अर्जावर सही."

बाया खूश झाल्या. म्हातारीनं तर चपला शोधायला सुरुवात केली. चांगुणाबाईंनी कागद घेतला. डोळ्यांपासून लांब धरला आणि विहारात वाचतात तसा, सावकाश, शब्द न खाता वाचला.

"मी अत्यंत गरीब व निराधार महिला असून, माझ्या चुकीमुळे हप्ते भरण्यास असमर्थ आहे. तरी कंपनीने माझ्यावर दया करून..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. कागद टेबलावर ठेवला.

"हे माझं न्हाई."

"नुसता छापील मजकूर आहे, काकू. सगळेच करतात सही."

"सगळ्यांचं मला म्हायती न्हाई. मी निराधार कुठून झाले? लेक हाय, जावई हाय, नात हाय. ह्या बसल्यात, ह्यांना मी बोलावलं बी न्हाई. हात हायत माझे."

"बरं, निराधार खोडतो."

"आणि गरीब?"

ह्या प्रश्नाला हो म्हणावं की नाही, ते मृत्युंजयला कुणी शिकवलं नव्हतं.

"साहेब, बाजारात मी वांगी घेते. महाग असली की ठेवून देते. त्या माळ्याला मी गरीब हाय म्हणून लिहून देते का? त्याचा भाव मला परवडला न्हाई, एवढंच. तुमचा माल मला परवडत न्हाई. जेवढे दिवस वापरला तेवढ्याचं भाडं म्हणून माझे भरलेले हप्ते ठेवून घ्या, ते मी मागत न्हाई. पण दया नका करू. दया केली की तुमी ती चार जागी सांगणार."

"काकू, हा अर्ज नसेल तर माफी नाही. अर्धं तरी भरावं लागेल राहिलेल्यातलं."

ज्योत्स्नानं त्यांचा दंड धरला. कानाशी म्हणाली, "येडी हायस का, काकू? कागदावर कोण बगायलंय? कर सही आणि चल."

चांगुणाबाईंनी दंड सोडवून घेतला. "मी बगितला की," त्या म्हणाल्या. मग मृत्युंजयला, "थोडं थोडं करून भरीन. मिलमधून जसं येईल तसं. पण ह्यातनं मला सोडवायचं आज. वर्षभर गुंतून ऱ्हाणार न्हाई. आणि मिटलं की मिटल्याचा कागद द्यायचा."

तो पुन्हा आत गेला. ह्या वेळी लवकर बाहेर आला. दमल्यासारखा दिसत होता. "लिहा बाबा," महांतेशला म्हणाला. "ह्या सांगतील तसं लिहा."

महांतेशनं कोरा कागद घेतला. त्याचं अक्षर चांगलं होतं. चांगुणाबाई सांगत गेल्या. फोन चालू आहे, कुठं फुटलेला नाही, खोका आणि तार सोबत आहे. परवडत नाही म्हणून परत करत आहे. राहिलेलं सवडीनं भरीन. त्यानं 'कृपया' लिहिलं, ते त्यांनी राहू दिलं. खाली सही केली, पूर्ण नावाची, वळणदार.

फोन परत घेण्याआधी त्याच्यावरची निळी पाटी काढावी लागत होती. महांतेशनं काहीतरी केलं आणि पाटी गेली. मागची यशू समोर आली, एक दात नसलेली, डोक्यावर फुलाफुलांचा पट्टा. सगळ्या बाया वाकून बघायला लागल्या.

"अक्का, हे सगळं आता पुसलं जाईल," महांतेश म्हणाला. "लई फोटो हायत. कुणाच्या तरी फोनवर पाठवू का?"

ज्योत्स्नानं न बोलता आपला फोन पुढं केला. चांगुणाबाई त्या काचेकडं बघत उभ्या होत्या. ज्योत्स्नाच्या फोनवर फोटो गेले असते, तर रोज तिच्या दारात जाऊन आपल्याच नातीला दाखव म्हणावं लागलं असतं. ज्योत्स्नानं दाखवलंही असतं, आणि वर दोन शब्द ऐकवलेही असते.

"पूस," त्या म्हणाल्या. "पोरगी किनवटला जिती-जागती हाय."

महांतेशचं बोट काचेवर थांबलं. त्यांनी मान हलवली, तसं त्यानं दाबलं. काच काळी झाली.

खाली उतरल्यावर ज्योत्स्नानं सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि परत येताना रिक्षात एक अक्षर बोलली नाही. एवढा वेळ ती गप्प बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

रविवारी चांगुणाबाईंनी पत्र्याच्या डब्यातला जुना बटणाचा फोन काढला. त्याचं कार्ड त्यांनी बंद पडू दिलं नव्हतं. पण काच असलेला फोन होता तोवर ह्याच्याकडं बघावंसं वाटलं नव्हतं. दारात बसून किनवटला लावला. त्या दिवशी पावसानं वसतिगृहात सिग्नल फक्त पाण्याच्या टाकीपाशी येत होता. प्रियदर्शनीनं उचलला, दोन शब्द बोलली आणि फोन यशूकडं दिला.

"आजी, हे बघ."

चांगुणाबाईंनी कानाचा फोन डोळ्यांसमोर धरला आणि परत कानाला लावला.

"आजी, बघ ना. दिसलं?"

"न्हाई दिसत, माय."

"का?"

"तो फोन परत दिला मी. ह्याच्यात दिसत न्हाई. ह्याच्यात नुसतं ऐकू येतं. काय हाय ते सांग तू."

यशू घुटमळली. तिला आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं. मागं कुठंतरी मुलींचा गलका, बादलीत पाणी पडल्याचा आवाज.

"टोपी आहे," ती म्हणाली.

"कसली?"

"पानाची. सागाच्या. मोठ्या ताईंनी केली. पाऊस आला तर भिजत नाही." मग पुढं, "एक पान इकडं आहे, एक तिकडं आहे, आणि मधी काडी टोचली आहे."

"टोचत न्हाई का डोक्याला?"

"नाही. काडी बाहेरून आहे." ती विचार करत होती. "पान हिरवं आहे. पण त्याला चोळलं ना, की हात लाल होतो. माझा झाला आहे."

"कोणता हात?"

"हा."

"हा म्हंजी कोणता, सांग की."

पलीकडं यशू आपले दोन्ही हात बघत असणार.

"जेवायचा," ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी फोन डाव्या कानाला घेतला. उजवा हात मांडीवर उपडा होता, तो उलटा केला आणि तळव्याकडं बघत म्हणाल्या, "कुठपर्यंत लाल झालाय? बोटं बी?"